तीनशे अठरा पुरे पत्ते

१६ सप्टेंबर २०१३, सोमवार

बँकेनं जानेवारीत दिलेली ही डायरी शकुंतला वाणसामानाच्या यादीसाठी मागत होती. दिली नाही ते बरं झालं. मोहीम म्हटली की नोंद हवी, एवढं तरी मला अडतीस वर्षांच्या टपालखात्याच्या नोकरीनं शिकवलंय.

मोहीम कशाविरुद्ध, तर नको असलेले फोन आणि नको असलेले कागद यांच्याविरुद्ध. आज दुपारी एक ते चारच्या मध्ये घरचा फोन सात वेळा वाजला. एक वैयक्तिक कर्जवाला. एक क्रेडिट कार्डवाली. एक दातांचा दवाखाना, मोफत तपासणी. मी सांगितलं, बाई, मला दातच नाहीत. ती म्हणाली, सर, आम्ही कवळीसुद्धा तपासतो. उरलेले चार फोन एकट्या 'सुखनिवास लेआउट'चे. म्हैसूरबाहेर बन्नूर रस्त्याला ऊस काढून त्यांनी घरांसाठी साइट, म्हणजे प्लॉट, पाडल्यात, त्यातली एक मी घ्यावी असा त्यांचा हट्ट आहे. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मी तिथे काय लावू?

शकुंतलेला रक्तदाबामुळे डॉक्टरांनी दुपारी झोपायला सांगितलंय. ती प्रत्येक घंटीला दचकून उठते. संध्याकाळी म्हणाली, "अहो, रिसीव्हर काढून ठेवा की." रिसीव्हर काढून ठेवणं म्हणजे शरण जाणं. मी तिला शब्द दिला आहे, दिवाळीपर्यंत या घरात आगंतुक फोन येणार नाही आणि आगंतुक कागदही येणार नाही.

१८ सप्टेंबर, बुधवार

फाटकावर पाटी लावली. कन्नड, मराठी आणि इंग्रजी, तिन्ही भाषांत: 'येथे जाहिरातीची पत्रकं टाकू नयेत.' अक्षर माझं स्वतःचं. शेजारच्या जयलक्ष्मीबाईंनी थांबून वाचली आणि छान म्हणाल्या.

सकाळी कुक्करहळ्ळी केरेला फेरी मारताना कृष्णमूर्तीला मोहीम सांगितली. कृष्णमूर्ती म्हणजे माझा चाळीस वर्षांचा दोस्त, आमच्यासारखाच म्हैसूरचा जुना मराठी. शिवरामपेठेत त्याचं शिंप्याचं दुकान आहे. रोज पावणेसहाला आम्ही तळ्याच्या बांधावर भेटतो, पाऊस असला तरी. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "होगली बिडो, जाऊ दे, नरसिंगा. वाजू दे की. फोनच आहे, साप नव्हे."

त्याला कशाचंच गांभीर्य नाही.

१९ सप्टेंबर, गुरुवार

पाटीवर कोणीतरी केबलवाल्याचं पत्रक चिकटवलं. गोंद चांगल्या प्रतीचा होता. मराठी मजकूर संपूर्ण झाकला गेला आहे.

२३ सप्टेंबर, सोमवार

आज टपालानं तीन पाकिटं आली. दोन सोन्याच्या दुकानांची, एक सुखनिवासचं. फाडून टाकणार होतो, पण पाकिटावरचा पत्ता पाहून हात थांबला. संपूर्ण नाव, 'निवृत्त उपडाकपाल' हे पद, घर नंबर, क्रॉस रस्ता, मेन रस्ता, 'जुन्या विहिरीसमोर, जांभळाच्या झाडाच्या डाव्या हातास', पिन कोड. एक स्वल्पविराम चुकलेला नाही! नोकरीत असताना हजारो पत्रांवर 'अपुरा पत्ता' हा शिक्का मारावा लागला, तेव्हा दर वेळी जीव तुटायचा. ही माणसं कितीही त्रास देत असोत, पत्ता लिहिणं त्यांना कळतं. द्यायचं ते श्रेय द्यायला हवं.

खरं तर याच सुखनिवासवाल्यांबद्दल मला एरवी आदर आहे. गेल्या वर्षीच्या पाडव्याला आमच्या स्नेहसंवर्धिनी मंडळाची 'म्हैसूर मराठी कुटुंबसूची' निघाली, तिच्या मागच्या पानाची जाहिरात त्यांनीच दिली होती. शिवाय पन्नास प्रती विकत घेतल्या. त्यांचा एकही माणूस मराठी नाही, तरी पन्नास प्रती! ती सूची हे माझं आयुष्यातलं मोठं काम. दोन वर्षं उन्हातान्हात घरोघरी हिंडून मी तीनशे अठरा घरांची माहिती गोळा केली. कर्त्याचं नाव, आईचं माहेर, सगळ्यांच्या जन्मतारखा, फोन, घर स्वतःचं की भाड्याचं, लग्नाची मुलं किती. इतक्या पुऱ्या पत्त्यांची सूची दुसऱ्या कुठल्या समाजाकडे असेल असं वाटत नाही. अशा पुस्तकाची कदर करणारी माणसं लोकांच्या झोपा का मोडतात, हे मला उमगत नाही.

२८ सप्टेंबर, शनिवार

मंडळाच्या बैठकीत मी विषय काढला. म्हटलं, आपल्यापैकी कोणाकोणाला असे फोन येतात? सगळ्यांनी हात वर केले. मी म्हटलं, याचा अर्थ कोणीतरी फितूर आहे! आपले नंबर बाहेर जातात कुठून, याचा छडा लावायला समिती नेमावी.

अध्यक्ष बिंदुमाधवांनी तोंड उघडलं होतं, पण कृष्णमूर्तीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांनी ते मिटून घेतलं. चिटणीस तुंगा कॉलेजात शिकवते, हुशार मुलगी, तीसुद्धा नखं बघत बसली. मग कृष्णमूर्ती म्हणाला, "समिती बेडा, नकोच. कॉफी थंड होते आहे." आणि सगळे घाईघाईनं उठले.

बाहेर पडताना तुंगानं माझा मोबाइल मागून घेतला. "काका, समितीचं सोडा. '१९०९'वर 'START 0' असा संदेश पाठवला की जाहिरातींचे फोन बंद होतात. सात दिवस लागतात. लँडलाइनवरून त्याच नंबरला फोन लावायचा." तिनं तिथल्या तिथे पाठवूनही दिला. सरकारनं अशी सोय केली आहे आणि मला, टपालखात्यातल्या माणसाला, ठाऊक नाही! घरी येऊन लँडलाइनचीही नोंद केली आणि शकुंतलेच्या मोबाइलचीही.

उपाय मिळाला. पण फितूर कोण, हा प्रश्न राहिलाच.

८ ऑक्टोबर, मंगळवार

आज जे पाहिलं ते लिहिताना बरं वाटत नाही.

कृष्णमूर्तीच्या दुकानावरून जात होतो. आत सुखनिवासचा तो टायवाला तरुण उभा होता, सूचीच्या जाहिरातीच्या वेळी आला होता तोच. कृष्णमूर्ती त्याच्या खांद्याचं माप घेत त्याच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलत होता. गल्ल्यावर त्यांच्या पत्रकांचा गठ्ठा. आणि शेजारी मापाची वही उघडी. त्या वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव, कंबर, छाती आणि फोन नंबर असतो. माझाही आहे.

मला पाहताच दोघंही गप्प झाले.

रात्रीच्या जेवणाला शकुंतलेला सांगितलं. ती म्हणाली, "भलतंच काही मनात आणू नका. त्यापेक्षा तुमच्या सूचीत काय काय छापलंय ते एकदा वाचा की." मी म्हटलं, तीन वेळा मुद्रितं तपासली आहेत, एकही चूक नाही. विषय काय, ही बोलते काय!

९ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी बांधावर सरळ विचारलं. "कृष्णा, माझा नंबर त्या साइटवाल्यांना तू दिलास का?"

तो चालता चालता थांबला. पाण्यातल्या पेलिकनांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दिला म्हण की."

"म्हण की म्हणजे?"

"म्हणजे दिला. आता सोड ते. चल, कॉफी पिऊ."

मी म्हटलं, एका कोटाच्या ऑर्डरीसाठी तू चाळीस वर्षं विकलीस. त्यानं मान हलवली आणि चप्पल झटकली. मी अर्धी फेरी टाकून एकटा घरी आलो. निदान नाही तरी म्हणायचं. मला फार वाईट वाटलं आहे.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा झाला. गावातली गर्दी ओसरली. मोहीम यशस्वी म्हणायला हवी: सहा तारखेपासून मोबाइलवर एकही आगंतुक फोन नाही, लँडलाइनवर एक, तोही चुकून लागलेला. टपाल मात्र येतं. शकुंतला दुपारी सलग दोन तास झोपते.

घर अगदी शांत आहे. आज मी दोनदा रिसीव्हर उचलून पाहिला, लाइन चालू आहे का म्हणून. चालू आहे.

सकाळी फिरायला आता मी बांधावर जात नाही. आमच्याच रस्त्यानं चार फेऱ्या मारतो. कुत्री भुंकतात.

२६ ऑक्टोबर, शनिवार

कृष्णमूर्ती दर दिवाळीला मला एक सदरा शिवतो. मला वाटलं होतं, यंदा नाही. आज शकुंतला बाजारातून आली तर पिशवीत सदरा! म्हणाली, "कृष्णमूर्तीभाऊंनी हाक मारून दिला." मी म्हटलं, घालणार नाही. रात्री ती स्वयंपाकघरात असताना घालून पाहिला. पोटाशी अर्धा इंच वाढवलाय. माप न घेता त्याला कसं कळलं, कोण जाणे. बरोबर बसतो.

घडी घालून कपाटात ठेवून दिला.

५ नोव्हेंबर, मंगळवार

हे लिहून ठेवायलाच हवं.

आज भाऊबीज. सकाळी टपालात शकुंतलेच्या नावे तीन कार्डं आली. सुखनिवास, सोन्याचं दुकान आणि तो दातांचा दवाखाना. तिन्हींवर केक छापलेला आणि मजकूर एकच: शकुंतलाबाई, आपल्याला चौसष्टाव्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.

मी हसत सुटलो. म्हटलं, बघ, किती मूर्ख लोक! तुझा वाढदिवस आज थोडाच आहे? शकुंतलेची जन्मतारीख कोणालाच ठाऊक नव्हती. घरचे म्हणायचे, त्रिपुरी पौर्णिमेला झाली. म्हणून वाढदिवस पौर्णिमेला, तिथीप्रमाणे, यंदा तो सतरा तारखेला येतो. शाळेत घालताना मास्तरांनी इतर सगळ्या पोरांसारखी तिचीही १ जून लिहिली. बँकेत १ जून. रेशन कार्डावर १ जून. कृष्णमूर्तीच्या वहीत तर फक्त ब्लाउजचं माप. मग यांना ५ नोव्हेंबर कुठून मिळाली?

मग आठवलं. त्रिपुरी पौर्णिमा ही काही तारीख नव्हे, माहिती अपुरी राहते, म्हणून मी तिच्या जन्मसालाचं जुनं पंचांग महिनाभर शोधत होतो. शेवटी व्यासराज जोशींच्या माळ्यावर सापडलं. त्यावरून तारीख काढली, ५ नोव्हेंबर १९४९. किती आनंद झाला होता! आणि ती तारीख मी जगात एकाच ठिकाणी लिहिली.

कपाटातून सूची काढली. पान सत्त्याऐंशी. जुन्या विहिरीसमोर, जांभळाच्या झाडाच्या डाव्या हातास.

शकुंतलेला विचारलं, "तुला माहीत होतं?"

ती म्हणाली, "अहो, सगळ्या म्हैसूरला माहीत होतं."

६ नोव्हेंबर, बुधवार

जेवण गेलं नाही. तीनशे अठरा घरांच्या झोपा मी मोडल्या. सुखनिवासनं पन्नास प्रती कशाला घेतल्या आणि कोणाकोणाला वाटल्या, ते आता कळलं. आणि वर समिती मागितली. शिवरामपेठेच्या कोपऱ्यापर्यंत गेलो आणि परत आलो.

७ नोव्हेंबर, गुरुवार

आज गेलो. दिवाळीचा सदरा घालून गेलो.

कृष्णमूर्ती कोटाच्या कापडावर खडूनं रेघा मारत होता. बाकावर एक गिऱ्हाईक पेपर वाचत बसलं होतं. त्याच्यादेखत म्हटलं, "कृष्णा, नंबर मीच दिले. सगळ्यांचे. माझ्या सूचीतून गेले."

"माहीत आहे," खडू न थांबवता तो म्हणाला.

"कधीपासून?"

"गेल्या वर्षीपासून. मला त्या सुखनिवासवाल्यांचा फोन आला, 'सार, तुमच्या आईचं माहेर कृष्णराजनगर ना, तिकडे पण आमच्या साइट आहेत.' माझ्या आईचं माहेर माझ्या बायकोलासुद्धा आठवत नाही, रे. तू मात्र विचारून लिहून घेतलंस."

"मग मी विचारलं तेव्हा 'दिला' का म्हणालास?"

"नाही म्हटलं असतं तर 'मग कोणी?' असं विचारलं असतंस. अरे बाबा, मारायरे, त्याला काय उत्तर देऊ? दोन वर्षं तू पायातले जोडे झिजवलेस. पुस्तक आलं त्या दिवशी इथे याच बाकावर बसून तू मला सगळी पानं वाचून दाखवलीस. बिंदुमाधवराव बैठकीत बोलणारच होते. मी सगळ्यांच्या हातापाया पडलो, म्हटलं, त्याला सांगू नका."

"आणि तो टायवाला पोरगा?"

"त्याला सांगत होतो, बाबा, कोट फुकट शिवतो, पण पोस्टातल्या रावांचं नाव तुझ्या यादीतून काढ. ऐकत नव्हता. तेवढ्यात तू आलास."

दुकानात परका माणूस होता तरी मला रडू आलं. कृष्णमूर्तीनं कापड ओढून घेतलं. "यावर नको पाडू, गिऱ्हाइकाचं आहे," म्हणाला, आणि गळ्यातली टेप काढून उगीच माझ्या पोटाभोवती धरली. "हं. बरोबर वाढवलं होतं."

९ नोव्हेंबर, शनिवार

मंडळाला पत्र लिहून चूक कबूल केली. तुंगानं कळवलं, उरलेल्या प्रती विकायच्या नाहीत, आणि पुढच्या आवृत्तीत फक्त नाव आणि पेठ. वाचून जीव तुटला, पण तिचं बरोबर आहे. सुखनिवासला पोचपावतीसह नोंदणी टपालानं पत्र धाडलं, सूचीतली सगळी नावं काढून टाका. सोन्याच्या दुकानांना आणि दवाखान्यालाही.

पण कागदावर भागणार नाही. १९०९ला संदेश ज्याच्या त्याच्या फोनवरूनच जावा लागतो, आणि आमच्यातल्या निम्म्या लोकांना संदेश लिहिता येत नाही. म्हणजे प्रत्येक घरी जायला हवं. ज्या पायांनी नंबर गोळा केले त्याच पायांनी. कृष्णमूर्तीला सांगितलं तर म्हणाला, "पायांनी कशाला? माझी स्कूटर आहे की."

१६ नोव्हेंबर, शनिवार

एकशे चार घरं झाली. मी आधी माफी मागतो, मग फोन मागतो. लोक आधी कॉफी देतात, मग फोन. दिवसाला दहा-बारा कॉफ्या होतात, पोटाची वाट लागली आहे. बिंदुमाधवराव म्हणाले, "आता कसं मोकळं वाटतंय! दीड वर्ष तोंड दाबून बसलो होतो."

नजरबादच्या शांताक्का मात्र फोन देईनात. "कर्जवाली पोरगी रोज अकराला फोन करते. चांगल्या घरची आहे, हासनची. आमच्या रंगनाथसाठी विचारते आहे मी. ठरू दे, मग बंद करा." आम्ही त्यांच्या नावापुढे 'प्रलंबित' असं लिहून पुढे गेलो.

१ डिसेंबर, रविवार

तीनशे सतरा घरं झाली. शांताक्कांकडे काल तिसऱ्यांदा गेलो. पोरीचं आधीच ठरलेलं निघालं, त्यामुळे रागारागात त्यांनी स्वतःच फोन पुढे केला.

राहिला होता एकच फोन, कृष्णमूर्तीचा. रोज म्हणायचा, शेवटी बघू. आज सगळं उरकून संध्याकाळी त्याच्या बंद दुकानात बसलो होतो. मी हात पुढे केला. त्यानं खिशातून मोबाइल काढला, पण दिला नाही. मशिनच्या फळीवर ठेवला.

"तू बोलत नव्हतास ना," तो म्हणाला, "तेव्हा हा मी इथे ठेवायचो. वाजला की पाय थांबायचा. वाटायचं, नरसिंगाच असणार. उचलला की साइटवाली. पहिल्यांदा चिडायचो. मग तिच्याशीच बोलायला लागलो. तिला सांगितलं, बाई, साइट बेडा, पण स्वल्प, थोडंसं ऐक. माझा एक दोस्त आहे, पोस्टात होता, तो रुसलाय. ती रोज विचारायची, सार, बोलले का ते?"

एकोणतीस दिवस मी घरी रिसीव्हर उचलून उचलून लाइन तपासत होतो, आणि एवढी वर्षं टपालखात्यात काढलेल्या माणसाला एक नंबर फिरवणं जमलं नव्हतं. तेवढं त्याला सांगितलं.

त्यानं मोबाइल माझ्या हातात दिला. "आता घाल तो संदेश. आता वाजला तर तूच असशील."

मी संदेश लिहिला. डोळ्यांत पाणी होतं, अक्षरं दिसेनात, म्हणून दोनदा लिहावा लागला.